सोडलं की सुटलं पाहिजे : एका घरगुती पाणबुडीचं नीरम

सकाळी साडेनऊला पाणबुडी खाणीच्या पाण्यात उतरवली, तेव्हा तिचा मनोरा चार बोटं पाण्याबाहेर होता. आत माणूस नव्हता. हायड्राचा, म्हणजे क्रेनचा, पट्टा सैल करून आम्ही काठावर बसलो. पावणेअकराला मनोरा दिसेनासा झाला. कुठे गळती नाही, कुणी झडप उघडली नाही, तरी ती हळूहळू खाली गेली आणि पट्टा ताणला गेला. वर काढून झाकण उघडलं, तर आत थेंबभरही पाणी नव्हतं.

ती का बुडाली याचं उत्तर त्याच दिवशी सापडलं. त्या उत्तरामुळे पुढचं सगळं काम बदललं. ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्याकडे पाणबुडी बांधायचं वेड घेतलेल्या पोरांचं सगळं लक्ष पत्रा, वेल्डिंग आणि मोटारीवर असतं. खाली टांगायचं वजन भंगारातून काहीतरी आणून शेवटी लावू, अशीच त्यांची समजूत असते. माझ्या भाच्याची तशीच होती आणि खरं सांगायचं तर माझीही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवतो. भाचा शिरोलीला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला आहे. साखर कारखान्यांच्या टाक्या आणि व्हेसल करून हात बसलेला, वेल्डिंग देखणं. एका माणसाची, उथळ गोड्या पाण्यात चालणारी पाणबुडी त्याला बांधायची होती. धड ९० सेंटिमीटर व्यासाचं, मधला नळा २ मीटर लांब, दोन्ही टोकांना अर्धगोल डिश एंड, पत्रा ८ मिलिमीटरचा. वर ५५ सेंटिमीटर व्यासाचा मनोरा. वजनाचं गणित त्याने माझ्याकडे आणलं, कारण ओतकाम म्हटलं की घरात माझं नाव निघतं.

गणित असं. धड, मनोरा आणि बाहेरचे सगळे भाग धरून ती साधारण १९०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे गोडं पाणी तिला १९०० किलोने वर ढकलतं. पत्रा, कड्या आणि झाकण मिळून ७३० किलो, इनव्हर्टरच्या सहा मोठ्या बॅटऱ्या ३५०, मोटारी, टाक्या आणि सांगाडा १७०, माणूस ७५, हवेच्या बाटल्या आणि सामान ६०. बेरीज १३८५. म्हणजे पाण्याच्या पोटात तरंगत राहायला अजून ५१५ किलो वजन हवं. कोकणातले जुने खलाशी गलबताच्या तळाशी घालायच्या अशा वजनाला नीरम म्हणत. शब्द सुटसुटीत आहे, म्हणून तोच वापरतो.

इथेच पहिली चूक होते. ५१५ किलो म्हणजे काट्यावरचे ५१५ नव्हेत, पाण्यात बुडाल्यावर उरणारे ५१५. वजन धडाच्या आत ठेवलं तर पूर्ण मोजायचं, कारण त्या जागेचं पाणी धडाने आधीच सारलेलं आहे. बाहेर टांगलं तर ते स्वतःही पाणी सारतं आणि तेवढं हलकं होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पाण्याच्या ७.२ पट जड असतं, त्यामुळे एक किलो बीड पाण्यात ८६१ ग्रॅम भरतं. शिसं ११.३४ पट जड, ते ९१२ ग्रॅम. काँक्रीट २.४ पट, त्याचे फक्त ५८३. सगळं नीरम बाहेरच लावायचं म्हटलं तर शिसं ५६५ किलो लागेल, बीड ६०० किलो आणि काँक्रीट ८८० किलोंच्या वर. जागेतला फरक तर डोळ्यांत भरतो : शिसं ५० लिटर, बीड ८३ लिटर, काँक्रीट जवळजवळ ३७० लिटर.

खाणीतल्या त्या चाचणीला यातलं काहीच नव्हतं. चाचणी तात्पुरती म्हणून भाच्याने वाळू भरून दहा पोती खालच्या ट्रेमध्ये बांधली होती. उरलेलं वजन, आणि माणसाच्या बदल्यातलं ७५ किलोही, फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, उसन्या आणलेल्या नापास ओतीव तुकड्यांचं, धडाच्या आत. कोरड्या वाळूत दर शंभर लिटरमागे चाळीसएक लिटर हवाच असते. पोतं पाण्यात गेलं की सगळी हवा लगेच निघत नाही. विणलेल्या पोत्याच्या आत, दाण्यादाण्याच्या मध्ये ती अडकून राहते आणि बुडबुड्यांनी सावकाश सुटते. ५० किलोच्या एका पोत्यात चार लिटर हवा अडकली तरी तेवढ्या वेळापुरतं ते पोतं चार किलोने हलकं असतं. अशी दहा पोती, म्हणजे चाळीस किलो. आमचा मनोरा चार बोटं वर होता तो जेमतेम पंधरा-सोळा किलोंच्या जोरावर. काठावर बसून आम्ही ते बुडबुडे पाहत होतो, आणि धडातून हवा गळते की काय म्हणून वेल्डिंगकडे बोट दाखवत होतो.

आत माणूस असता तर? त्या रात्री भाचा जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. पाण्यात ज्याचं वजन बदलतं ते नीरम नाही, मग ते कितीही जड असो. नियम तपासायला आमच्या शेतातली विहीर होतीच. रहाटाच्या तुळईला लटकता काटा अडकवायचा, तुकडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात सोडून तोलायचा, आणि रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पुन्हा. दोन्ही पाण्यातली वजनं सारखी आली तरच तुकडा पास.

काँक्रीट या परीक्षेत काठावर राहिलं. ते थोडंफार पाणी पितं, पण हळू. भाच्याला ते हवं होतं, कारण स्वस्त, आणि साचा घरीच करता येतो. त्याच्या बाजूने एक मुद्दा खराही आहे : काँक्रीटचा ठोकळा मोठा असल्यामुळे त्याचा मध्य धडापासून खूप खाली जातो, आणि पाण्यातलं वजन जितकं खाली तितकी बोट स्थिर. पण हे खाली जागा असेल तर. आमच्या पाणबुडीला ट्रॉलीवर बसायचं होतं आणि तिचे स्कीड, म्हणजे टेकायच्या पट्ट्या, धडाखाली फक्त २५ सेंटिमीटर होते. तेवढ्या जागेत दोनशे लिटरच्या आसपासच मावतं, बाकीचं काँक्रीट धडाच्या कुशींवर चढणार आणि जो फायदा सांगितला तोच जाणार. शिवाय तीनशे किलो जादा वजन दर वेळी ट्रॉलीने ओढायचं आणि हायड्राने उचलायचं. ज्याची बोट कायम एका धक्क्यावर राहणार आहे त्याने काँक्रीटचा विचार जरूर करावा. आमच्यासाठी ते बाद.

जुन्या रेल्वेरुळाचा तुकडाही कुणीतरी सुचवला. एक मीटर रूळ बावन्न किंवा साठ किलो भरतो, आकारही लांबट, सोयीचा. पण रेल्वेच्या मालाचा बेकायदा कब्जा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि भंगारवाल्याकडच्या रुळाचा कागद कुणी देत नाही. तो विषय तिथेच थांबला.

शिशावर मात्र आमचं खरं भांडण झालं.

"मामा, शिशानं समदं काम लहान होतंय. पन्नास लिटरात बसतंय, आन् गंज न्हाई," भाचा म्हणाला. त्याच्या ओळखीचा एक बॅटरीवाला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून लाद्या ओतून द्यायला तयार होता, तेही वस्तीतल्या मागच्या अंगणात, चुलीवर.

याला मी ठाम नकार दिला आणि आजही देईन. शिसं ३२७ अंशांना वितळतं, लाकडाच्या जाळावर सहज. म्हणूनच ते धोक्याचं. बॅटरीच्या प्लेटांवरची शिशाची भुकटी आणि वाफ अंगणातल्या मातीत बसते आणि तिथेच पोरं खेळतात. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेल्या पाहिजेत, असे २०२२ चे नियम आहेत. पण नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. फौंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाने भट्टीचा धूर कुणाच्या अंगणात जातो हे पाहिलं पाहिजे.

पाण्याचाही प्रश्न होता. पुढे कधीतरी कळंब्याला परवानगी मागू, असं भाच्याच्या मनात होतं. कळंबा तलावाचं पाणी कोल्हापूरकर पितात. तिथे मुळात पाणबुडी नेऊच नये हे माझं मत, पण मनातही असा विचार असेल तर संकटात तळाला सोडून द्यायचं वजन शिशाचं असणं मला पटत नव्हतं. बीड तळाला पडलं तर गंजेल, विष होणार नाही.

आणि तिसरी गोष्ट मला तोवर माहीत नव्हती, विहिरीने शिकवली. संकटात सोडायच्या वजनाचा नमुना म्हणून आम्ही एका कारखान्यातून तयार घेतलेली शिशाची लादी भोक पाडून पोलादी शाफ्टवर टांगली. दोन आठवडे ती तिथेच लटकत ठेवली आणि मधेमधे हातोड्याने शाफ्टला ठोके दिले, मोटारीचा थरथराट म्हणून. सोडायची वेळ आली तेव्हा शाफ्ट फिरेना. शिसं मऊ, त्यामुळे भोकाची कड दबून शाफ्टच्या खाचेत पसरली होती आणि तिने शाफ्ट धरून ठेवला होता. वजन तिथेच होतं, पूर्ण जड, पण सुटायला तयार नाही.

त्या क्षणी मला कळलं की आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. कोणता पदार्थ सगळ्यात जड, कोणता सगळ्यात स्वस्त, हे आम्ही विचारत होतो. विचारायला हवं होतं ते हे की कुठलं वजन कुठलं काम करणार आहे. नीरम तीन कामं करतं : काही कायम खाली राहून बोट उभी ठेवतं, काही संकटात सुटून बोट वर आणतं, आणि थोडं पाण्याप्रमाणे आणि माणसाप्रमाणे कमीजास्त करायचं असतं. तिन्हींना एकच पदार्थ कशाला?

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. १७७६ साली अमेरिकेत चालवलेल्या 'टर्टल' या एका माणसाच्या लाकडी पाणबुडीला शिशाचं नीरम होतं, आणि त्यातलं सुमारे ९० किलो आतल्या माणसाला खाली सोडता येत असे. २३ जानेवारी १९६० रोजी प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल दरीत उतरलेल्या 'त्रिएस्त'मध्ये लोखंडी छरे होते आणि ते विद्युत चुंबकांनी धरलेले होते. वीज गेली की छरे आपोआप सुटावेत अशीच रचना. इतक्या खोलवर जाणाऱ्यांनीही भरवसा ठेवला तो पंपावर नव्हे, जड वस्तू खाली पडते या गोष्टीवर.

भाच्याची पुढची कल्पना त्यातूनच आली : मग बाहेरचं सगळंच नीरम सुटतं ठेवू, जास्त सुरक्षित. ऐकायला बरोबर वाटतं, पण घातक आहे. पाण्याखाली बोट सरळ राहते ती तिचं गुरुत्वमध्य (जिथे तिचं सगळं वजन एकवटलं असं धरतात) तिच्या उचलमध्याच्या (जिथे पाण्याचा वर ढकलणारा जोर एकवटतो) खाली असल्यामुळे. खासबागेत पैलवान कंबर खाली नेऊन उभा राहतो तसं. आमच्या रचनेत हे अंतर ११ सेंटिमीटर होतं. ते पाच असतं तर आतला माणूस अर्धा मीटर पुढे सरकल्यावर बोट वीसहून जास्त अंशांनी नाक खाली घालते, अकराला ती दहाच अंश झुकते. आता १९०० किलो गुणिले ११ सेंटिमीटर म्हणजे २०९ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, रस्त्याचं किलोमीटर नव्हे), ही बोटीला सरळ ठेवणारी सगळी पुंजी. बाहेरचं नीरम पाण्यात ४६५ किलो, उचलमध्यापासून ६० सेंटिमीटर खाली. सगळं एकदम सोडलं तर २७९ किलो-मीटर जातात. पुंजीपेक्षा जास्त! बोट वर येईल, पण उलटी, आतला माणूस झाकणावर डोकं आपटून.

म्हणून सुटणारं वजन बेताचं ठेवलं. सगळ्यात वाईट प्रसंग धरला : पाणी आत-बाहेर करून बोट खाली-वर नेणारी, नियंत्रणाची ६० लिटरची टाकी पूर्ण भरून अडकली, एका मोटारीच्या खोक्यात २० लिटर पाणी गेलं आणि धडात ४० लिटर शिरलं. एकूण १२० किलो. त्यावर मात करायला १८० किलो बीड, पाण्यात १५५ किलो. ते सुटल्यावर ९३ किलो-मीटर जातात, ११६ उरतात, म्हणजे सहा सेंटिमीटर. बोट डोलेल, पण उलटणार नाही.

शेवटी ठरलं ते असं. कायमचं नीरम ३६० किलो बीड, तळाशी बोल्टने पक्कं. सुटणारं १८० किलो, तेही बीड. आणि धडाच्या आत ५० किलो शिसं, अडीच-अडीच किलोच्या तयार विकत घेतलेल्या लाद्या, इपॉक्सीचा जाड लेप देऊन, बंद डब्यात. शिसं तिथे योग्य आहे, कारण थोड्या जागेत बसतं आणि बोटीचं नाक किंवा शेपूट अर्धा-एक किलो-मीटरने जुळवायला लादी इकडून तिकडे सरकवता येते. त्याला ना वितळवायचं, ना पाण्यात सोडायचं. समुद्रात न्यायचं झालं तर खारं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे बोटीला साडेसत्तेचाळीस किलो जास्त उचल मिळते. त्यासाठी तीस किलोचे दोन जादा तुकडे बाहेर लावायचे आणि शिशाच्या दोन लाद्या कमी करायच्या. पावसाळ्यातलं गार पाणी आणि मे महिन्यातलं कोमट पाणी यांतही चार-पाच किलोंचा फरक पडतो. तोही शिशानेच भागतो.

भाच्याच्या मनात हलक्या लिथियम बॅटऱ्याही होत्या. त्या घेतल्या तर दोनशेहून जास्त किलो कमी होणार आणि तेवढंच बीड जादा लावावं लागणार. इनव्हर्टरच्या जड बॅटऱ्या तळाशी ठेवल्या की त्या नीरमाचं काम फुकटात करतात.

बिडाचा पॅटर्न मीच केला. ३० सेंटिमीटर लांब, १४ रुंद, १० उंच. तुकडा तीस किलोचा, गुळाच्या रव्याएवढा, कारण आमच्याकडच्या हमालाला ते वजन कसं धरायचं हे सांगावं लागत नाही. फौंड्रीवाल्या आण्णांनी दुसऱ्या मालाच्या हीटमधलं, म्हणजे भट्टीच्या एका वितळणीतलं, उरलेलं पाणी आमच्या साच्यांत ओतायचं कबूल केलं. ओतकामात धातूच्या रसाला पाणीच म्हणतात. वरून उघडा साचा नको, हा माझा आग्रह होता. वरचा भाग सच्छिद्र होतो.

तरी एक तुकडा फसला. हवेत तीस किलो, पाण्यात २५.८ यायला हवे तिथे २५.१. रात्रभरानंतर २५.६. आत फुगा होता आणि बारीक भेगेतून त्यात पाणी शिरत होतं. बाहेरून तो तुकडा सगळ्यांत गुळगुळीत होता. वाळूच्या पोत्याचीच खोड, फक्त लोखंडात लपलेली. तो परत भट्टीत गेला.

सुटणाऱ्या वजनाला तीन वेळा रचना बदलावी लागली. पहिली, बीड पोलादी खाचेत घट्ट बसवलेलं : तीन आठवडे विहिरीत ठेवल्यावर गंजाने फुगून खाचेला चिकटलं. दुसरीत मोकळीक दिली, पण बोट चाळीस अंश कलंडल्यावर वजन एका बाजूने अडकलं. तिसरीत सहा तुकडे एका चौकटीत एकत्र बांधले, मधल्या भोकाला गनमेटलचा (कांस्याच्या जातीच्या, न गंजणाऱ्या धातूचा) बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, दिला, शाफ्ट स्टेनलेसचा, सगळीकडे बारा मिलिमीटर मोकळीक, आणि चौकटीच्या वरच्या बाजूला उतरते कोन, म्हणजे वाकडं सुटलं तरी घसरून बाहेर. आतून एक दांडा पाव फेरा फिरवायचा. वीज नाही, हवा नाही, पंप नाही. हायड्राला टांगून सरळ, वीस अंशांत आणि चाळीस अंशांत दहा-दहा वेळा सोडलं. मग तीन आठवडे पाण्यात, आणि पुन्हा. भाच्याच्या आईने, माझ्या बहिणीने, तो दांडा एका हाताने फिरवून पाहिला आणि मगच तिचा चेहरा थोडा सैल झाला. माझ्या दृष्टीने ती चाचणी सगळ्यांत महत्त्वाची होती. घाबरलेल्या, थकलेल्या माणसाला जे एका हाताने जमत नाही ते संकटात उपयोगाचं नाही.

खाणीत पुन्हा गेलो तेव्हाही आत माणूस नव्हता, फक्त पंचाहत्तर किलोची पोती खुर्चीला बांधलेली. या वेळी पोत्यांत वाळू चालली, कारण ती धडाच्या आत, कोरडी. दांड्याला दोरी बांधून ती मनोऱ्यातून, सीलमधून बाहेर काढली होती. नियंत्रणाची टाकी मुद्दाम पूर्ण भरली, बोट सात मीटरवर तळाला टेकू दिली आणि तासभर तशीच ठेवली. काठावर दोन पोहणारे आणि हायड्राचा पट्टा तयार. मग भाच्याने दोरी ओढली.

आधी फक्त गढूळ पाणी वर आलं. मग मनोरा आला, डावीकडे झुकलेला, डोलत डोलत सरळ झाला आणि थांबला. चौकटीला बांधलेला पिवळा डबा शेजारीच वर आला, त्याच्या दोरीने १८० किलो पुन्हा ओढून काढले. भाच्याने चौकट पुसली, गनमेटलच्या बुशात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, उद्या इहिरीवर काटा लावू. परत तोलूया समदं."